जोडीनं देवाला

माझ्या नवऱ्याला आईसमोर एक शब्द उच्चारता आला नाही, म्हणून आमच्या हनिमूनला सासूबाई आल्या. कुणालाही सांगितलं तर हसू येईल. मलाही येतं कधी कधी, पण ते फार टिकत नाही.

नव्व्याण्णव साल होतं. लग्न नुकतंच झालेलं. किशोर सातपूरला एका कारखान्यात फिटर होता, घर मात्र मखमलाबादला मळ्यात. सासरे आधीच वारलेले. सासूबाईंचं नाव भिमाबाई. गुलाब आणि शेवंतीचे वाफे त्याच सांभाळायच्या, सकाळी फुलं तोडून सराफ बाजाराजवळच्या फुलबाजारात विकायला त्याच बसायच्या. मी दिंडोरीची, बारावी पास, आणि तोंडाची जरा फटकळ. पण नव्या नवरीला फटकळपणा काही दिवस माहेरीच ठेवून यावा लागतो.

किशोरच्या कारखान्यातल्या मित्रांनी वर्गणी काढून लग्नाचा आहेर म्हणून पणजीचं हनिमून पॅकेज दिलं. हॉटेलात राहणं, जेवणखाण आणि एका दिवसाची बस, सगळी ठिकाणं दाखवणारी. किशोर ते पाकीट घेऊन घरी आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"कुठं निघाला रं?" सासूबाईंनी विचारलं.

"गोव्याला."

"गोव्याला काय हाय?"

किशोरनं आढ्याकडं पाहिलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाला, "देव हाय ना. मंगेशी हाय, शांतादुर्गा हाय. म्हटलं जोडीनं देवाला जाऊन यावं."

मी चुलीपुढं होते. माझी भाकरी तव्यावर करपली.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराला आपणहून देव आठवला, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्या उठून उभ्याच राहिल्या. "मंग मी येते," त्या म्हणाल्या. "आपले देव कोन नेनार? सुनेच्या हातून देवीची वटी कोन भरून घेनार? तुमाला दोघांना काय कळतं त्यातलं?"

यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्यात नवी जोडी देवाला निघाली की घरातले टाक बरोबर न्यायचे असतात. टाक म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीच्या पत्र्यावरचे देव. घरच्या देवांची क्षेत्राच्या देवाशी भेट घडवायची, आणि ते करायला घरातली वडीलधारी बाई लागते. चंदनपुरीच्या खंडोबाला आणि वणीच्या देवीला आम्ही असंच जाऊन आलो होतो. देवाला जायचं म्हटल्यावर त्या येणारच.

मी किशोरला मागच्या दारी गाठलं. "जा आणि खरं सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"जे आहे ते."

"आईला? त्ये? माझ्या तोंडानं?" असं म्हणून तो जो वाफ्यांत पाणी धरायला गेला, तो अंधार पडेपर्यंत आलाच नाही. त्याच्यावर चिडायचा मला पूर्ण अधिकार होता. पण सांगायचं तर मीही सांगू शकले असते, आणि माझीही जीभ उचलली नाही.

देवाला जाताना सांगत सुटू नये, कुणीतरी टोकतं, असं सासूबाईंचं ठाम मत होतं. त्यामुळं शेजारच्या मळ्यातल्या गोजराबाईंनासुद्धा त्या बोलल्या नाहीत. चुलत सासरे देवराम फुलांकडं बघणार होते. त्यांना एवढंच सांगितलं, की पाहुण्यांकडं चार दिवस जाऊन येते.

पणजीला उतरलो तर ऊन असं लख्ख, की डोळे बारीक करूनच चालावं लागत होतं. हॉटेलच्या मॅनेजरनं हसत हसत दोन हार पुढं केले आणि आमच्या मागं लाल फडक्यात देव छातीशी धरून उभ्या असलेल्या सासूबाईंना पाहून तो थबकला.

"मावशी पण?" त्यानं किशोरला हळूच विचारलं.

"एक गादी जास्तीची मिळेल का?" किशोर म्हणाला. मी काचेच्या पेटीतले मासे बघत उभी राहिले.

नव्या जागेत देव आधी आत जातात, म्हणून खोलीत पहिल्या सासूबाई गेल्या. पलंगावर पांढरीशुभ्र चादर होती आणि तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा मोठा बदाम काढलेला होता. मी दारातच थिजले. किशोर बॅगेचा पट्टा सोडवत बसला, जो सुटलेलाच होता.

सासूबाई पलंगापाशी गेल्या. वाकल्या. एक पाकळी उचलून वास घेतला. "गावठी गुलाब हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं कळून चुकलं. "बाई बाई, किती भली मानसं! आपले देव येनार म्हनून आसन मांडून ठिवलं!"

आणि त्यांनी फडकं सोडून खंडोबा, देवी आणि बाकीचे सगळे देव त्या बदामाच्या मधोमध ओळीनं मांडले. हात जोडले. आम्हालाही जोडायला लावले. माझ्या हनिमूनच्या पलंगाला मी जोडीनं नमस्कार केला.

आता देव बसले म्हटल्यावर त्या पलंगावर कोण झोपणार? आम्ही तिघं खाली झोपलो. सासूबाई मध्ये.

दुसऱ्या दिवशी पायी पणजी बघितली. चौकातलं ते मोठं पांढरं चर्च दिसलं, झिगझॅग पायऱ्यांचं. सासूबाईंनी खालीच चपला काढल्या. पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या. गोरे लोक बूट घालून फोटो काढत होते आणि आमच्या सासूबाई पदर डोक्यावर घेऊन, पाय उचलत उचलत चढत होत्या. "आई, इथं चपला चालतात," किशोर दबक्या आवाजात म्हणाला. "तुला चालत्यात," त्या म्हणाल्या. किशोर दहा पावलं मागं राहिला. एका माणसानं त्याला "तुमच्यापैकी का?" असं विचारलं, तर त्यानं ऐकूच आलं नाही असं दाखवलं. मी ते पाहिलं आणि मुकाट्यानं चपला काढून सासूबाईंच्या बरोबर चढले. त्यांच्यावर माया होती म्हणून नाही. नवऱ्याला दाखवायला.

संध्याकाळी मिरामारला गेलो. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. मीही नव्हता, पण मला माझं काही सुचलंच नाही, कारण मी त्यांच्याकडंच बघत होते. वाळूत उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या.

"एवढं पानी," शेवटी म्हणाल्या. "आनि आपुन पाट सुटायची वाट पाहत बसतो."

मग त्यांनी नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचली, माझा हात धरला आणि सरळ आत चालायला लागल्या. लाट आली तशी आम्ही दोघी धपकन बसलो. मला वाटलं, आता रागावतील. त्या हसायला लागल्या. तोंडात गेलेलं खारं पाणी थुंकत, डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि हसताहेत. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पुढची लाट आली की लहान पोरीसारखं ओरडायच्या, "आली, आली, धर मला!" मी त्यांना घट्ट धरून बसले होते. तिथं पहिल्यांदा मला वाटलं, की मरो ते पॅकेज, या आल्या ते बरं झालं. आणि त्याच वेळी जीव घाबरा झाला. आपण इथं खरं कशाला आलो आहोत हे या बाईला कळलं, तर तिचं काय होईल? ते कळता कामा नये, एवढंच मग माझ्या डोक्यात राहिलं.

तिसऱ्या दिवशी बस होती. गाईड उत्साही होता, हातात माईक होता आणि जिभेला हाड नव्हतं. बस सुटल्या सुटल्या तो म्हणाला, "आज आपल्या गाडीत नाशिकचं एक हनिमून कपल आहे. टाळ्या! आणि काळजी नको, सोबत सासूबाईपण आहेत!"

सगळी बस हसली. मागच्या बाकावर कुणीतरी शिट्टी मारली. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. सासूबाईंना वाटलं आपलं स्वागत चाललंय. त्यांनी उठून सगळ्यांना हात जोडले आणि बसल्यावर किशोरला विचारलं, "हनिमून म्हंजे काय रं?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. देवानं त्याला दुसरी संधी दिली होती.

"म्हंजे..." किशोर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नव्या जोडीचं देवदर्शन. इंग्रजीत तसं म्हणतात."

"असं व्हय!" त्या खूश झाल्या. "म्हंजे त्यांच्यात बी हाय म्हन की ही पद्धत."

मी कोपरानं किशोरच्या बरगडीत मारलं. चांगलं जोरात मारलं.

मंगेशीला त्यांनी नवा शब्द वापरायला काढला. देवळाबाहेर फुलांच्या बायका बसल्या होत्या. फुलं दिसली की सासूबाईंचे पाय थांबायचेच. अबोलीचे वळेसर, म्हणजे तिकडचे गजरे, हातात घेऊन त्यांनी बांधणी बघितली, वाखाणली आणि म्हणाल्या, "आमी बी फुलवालेच. नाशिकचे. हनिमूनला आलोय, सुनेला घिऊन."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. "तुम्ही? हनिमूनला?"

"मंग! आमच्यात हनिमूनला सासू लागतीच. देव कोन मांडनार?"

त्या बायकांनी तोंडाला पदर लावले. एक तर पाटीवर वाकून हसत राहिली. सासूबाईंना वाटलं, बायका मनमोकळ्या आहेत. त्याही हसल्या. मी त्यांचा दंड धरून ओढलं, तर म्हणाल्या, "थांब की, चांगल्या मानसांशी बोलू दे." किशोर लांब दीपमाळेची उंची बघत उभा होता. माझा चेहरा पेटला होता आणि नवऱ्याकडं बघितलं की जास्तच पेटत होता. पुजाऱ्याला त्यांनी तेच सांगितलं. सरबतवाल्याला तेच. जो हसेल त्याला दुप्पट आनंदानं सांगत होत्या.

शांतादुर्गेला माझ्या हातून ओटी भरून झाली. देव भेटवून झाले. मी प्रसादाच्या रांगेत होते. आमच्या बसमध्ये साताऱ्याच्या एक वयस्कर शिक्षिका होत्या. त्या आणि सासूबाई तळ्याच्या पायरीवर सावलीत बसलेल्या मला दिसत होत्या. सासूबाई हात हलवून काहीतरी रंगून सांगत होत्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सासूबाईंच्या हातावर हात ठेवला आणि वाकून, हळू आवाजात काहीतरी सांगितलं. थोडंसंच.

सासूबाईंचा हलणारा हात तसाच राहिला. मग त्यांनी पदर पुढं ओढला. अजून पुढं ओढला. पार हनुवटीपर्यंत.

मी रांग सोडून निघाले आणि अर्ध्या वाटेवर थांबले. जाऊन काय सांगणार होते मी?

बसमध्ये त्या आमच्या शेजारी बसल्या नाहीत. मागं एक रिकामी जागा होती, तिथं देवांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. दोनापावलाला सगळे उतरले. "मला ऊन लागलंय," त्या म्हणाल्या. "तुमी जा. दोघंच जा." धक्क्यावर वारा छान सुटला होता. गाईड कुणा दोन प्रेमिकांची गोष्ट सांगत होता आणि जोड्या फोटो काढत होत्या. किशोरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच. मी तो झटकला.

"आईंना कळलंय," मी म्हणाले.

"काय कळलंय?"

"तुम्ही काय नाही सांगितलं ते."

त्यानं बसकडं पाहिलं. मागच्या खिडकीत पदराचं टोक दिसत होतं. तो कठड्याला धरून खाली बसला. बसून राहिला. त्याला रडू येत होतं, पण मला त्याची कीव आली नाही. मला माझीच आली नव्हती.

हॉटेलवर पोचलो, तर त्यांनी आधी पलंगावरचं देवांचं आसन आवरलं. सुकलेल्या पाकळ्या गोळा करून फडक्यात बांधल्या. देवाखालची फुलं होती, ती टाकता येत नाहीत. मग आपली गादी ओढत बाहेरच्या व्हरांड्यात नेली. किशोर म्हणाला, "आई, आत ये ना." त्यांनी मान हलवली. ते दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. आई मुलाकडं बघत नव्हती आणि मुलगा आईकडं.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आदी सांगायचं ना ग, पोरी," त्याच म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की त्यांचा वाटेना. "मी दोन दिस तुमच्या पलंगावर देव मांडून बसले. तुमच्या मधी झोपले. आनि आज समद्यांना सांगत फिरले ग. त्या फुलवाल्या बायांना बी सांगितलं."

"आई, चूक आमची आहे."

"काय वाटलं आसंल त्यांना? रांडमुंड बाई, पोराच्या..." त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "किशोरला काय बोलू नको. लाजला त्यो. माज्यावर गेलाय."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. भर बसमध्ये सगळे हसले तेव्हाही नाही. ती लाज लोकांपुढची होती, अंग धुतलं की जाणारी. ही वेगळी होती. एक बाई मुलाच्या लग्नाचा आनंद घेऊन इतक्या लांब आली, आणि तिला तिच्याच आनंदाची लाज वाटायला आम्ही लावली.

परतीच्या बसमध्ये त्या एकट्या पुढं बसल्या. पुणं गेलं, संगमनेर गेलं. सिन्नर आलं तसं त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली.

"इथं कुठं?" किशोर धडपडत उठला.

"शकुबाईकडं जाते," त्या म्हणाल्या. शकुबाई त्यांची धाकटी बहीण. "तुमी दोघं घरी जा. मी दोन दिसांनी येते. कुनी इचारलं, तर मी हितंच व्हते. समजलं का?"

"आई, कशाला असं?"

"कशाला म्हंजे? गावात तुला तोंड दाखवायचंय का न्हाई? जल्मभर हसतील तुला लोक." एवढं बोलून त्या उतरल्या. पिशवी घेऊन उन्हात चालू लागल्या. वळून बघितलं नाही.

त्या परत आल्या त्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बायका गजरे ओवायला जमल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लग्नाची तिथ होती आणि ऑर्डर मोठी होती. गोजराबाई, त्यांची जाऊ, आणखी दोघी-तिघी. मधे फुलांचा ढीग आणि भोवती आम्ही. किशोर कडेला बादल्यांत पाणी भरत होता.

"सुवर्णा," गोजराबाई म्हणाल्या, "गोव्याला जाऊन आले म्हनं तुमी. समुद्र पाह्यला?"

"हो."

"मंग सासूला का न्हाई नेलं ग? तिनं तरी कधी पाह्यलाय? एवढं राबती बिचारी. एक डाव समुद्र दावायचा व्हता तिला."

माझी सुई थांबली. किशोरची बादली भरून वाहायला लागली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. खरं सांगून टाकावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं.

"येडी का काय तू, गोजरे?" सासूबाई एकदम म्हणाल्या, हसत, चांगल्या मोठ्या आवाजात. "हनिमूनला कुठं सासूला नेत्यात का?"

बायका खो खो हसायला लागल्या. "बघा बघा, भिमाबाईला हनिमून कळतंय!" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा उसळला. सासूबाईही हसत होत्या. किशोरनं नळ तसाच सोडला आणि तो वाफ्यांकडं निघून गेला. कुणाचं लक्ष गेलं नाही.

"सांग ग सुवर्णे यांना," हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "कसा असतो त्यो समुद्र. मला बी ऐकू दे."

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मग मी सांगितलं. पाणी कुठं संपतं ते दिसतच नाही, म्हणाले. नजर जाईल तिथपर्यंत पाणीच पाणी.

"हो का?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं फूल सुईत ओवलं.